रुडॉल्फची सुकेळी

"ही मारिया कोण?" जुलियाना आंटीनं विचारलं आणि क्षितिजा वाचता वाचता थांबली.

गिरीजच्या वाडीत हिवाळ्यातली दुपार पसरली होती. ऊन होतं, पण ते चावत नव्हतं. पडवीसमोरच्या मांडवावर सोललेली राजेळी केळी रांगेनं सुकत पडली होती आणि त्यांचा गुळासारखा, जरासा आंबूस वास वाऱ्याबरोबर येत-जात होता. क्षितिजा मांडीवर लॅपटॉप घेऊन बसली होती. आंटी समोर चटईवर बसून तयार सुकेळी केळीच्याच सुक्या पानात गुंडाळून सोपटाच्या, म्हणजे खोडाच्या सालीच्या, दोरीनं बांधत होती. ज्यांच्याकडून ऐकलं त्यांना ते लिहून झाल्यावर परत ऐकवायचं, हा शांताराम सरांचा, म्हणजे क्षितिजाच्या गाइडचा दंडक होता. म्हणून ती आज तयार झालेलं प्रकरण वाचून दाखवायला आली होती.

"मारिया म्हणजे तुम्हीच, आंटी."

"मी?"

"संशोधनात खरी नावं लिहीत नाहीत. सगळ्यांची बदलतात. तुमचं मी मारिया ठेवलं."

"अगो, मारिया तर माझी सासू!" आंटी एवढ्या मोठ्यानं हसली की मांडवावरची साळुंकी उडाली. "तिनं मला काय कमी पिडली? देव तिला सुखात ठेवो. आणि तू मला परत तीच करून ठेवली?" ती हसत राहिली, हातातली पुडी बांधत राहिली, आणि मग हसणं कुठंतरी विरून गेलं. "मग जुलियाना कुठं आहे त्याच्यात?"

"कुठंच नाही. म्हणजे तसंच असतं, आंटी. कुणी तुम्हाला ओळखू नये म्हणून. तुमच्या भल्यासाठीच."

आंटीनं पुडी पाटीत ठेवली. पाटीत आधीपासून पडलेल्या पुड्यांवर छापील चिठ्ठी होती: 'रुडॉल्फची सुकेळी, गिरीज, वसई'. आणि नावाच्या शेजारी एका मिशाळ माणसाचं चित्र. आंटी त्या चित्राकडे बघत, कुणाला न सांगितल्यासारखं, म्हणाली, "म्हणजे इथंपण नाय."

बस, एवढंच. त्यानंतर तिनं क्षितिजाला चहा दिला, सोबत मऊ बघून दोन सुकेळी दिली, "पुढचं नंतर वाच, आज मांडव आवरायचा आहे," असंही अगदी सरळ आवाजात म्हणाली. रागाचं काही नव्हतंच. पण स्कूटर वाडीच्या वळणावरून बाहेर काढताना क्षितिजाच्या कानात ते 'इथंपण नाय' घुमत राहिलं. रस्त्यावर दोन्ही बाजूंनी केळीची पानं पुढं झुकलेली होती. एरवी तिला ती पानं आपल्याला वाट करून देत आहेत असं वाटायचं. आज ती आपापसांत काही बोलत होती आणि ही आली म्हणून गप्प झाली होती.

नावं ठेवली तो दिवस तिला आठवला. रविवार होता. कामणच्या एका गोदामात मॅनेजर असलेला सिद्धेश, तिचा नवरा, सुट्टीच्या आळसात पोह्यांची ताटली घेऊन तिच्या शेजारी येऊन बसला होता. प्रबंधाचं नाव लांबलचक होतं, 'वसई परिसरातील स्त्री व अल्पसंख्याक उद्योजकता', आणि त्यातल्या बायका तिच्याशी मनमोकळं बोलल्या होत्या, आता त्यांना टोपणनावं द्यायची होती. "हिला अनुष्का ठेव, ब्यूटी पार्लर आहे ना," असं सिद्धेश म्हणाला होता. ते दोघं हसले होते. वटारच्या फुलवाल्या हंसाबेनला एक नाव, कोळीवाड्यातल्या सुकी मासळीवालीला एक. आणि गिरीजची? "क्रिश्चन ना? मारिया," असं क्षितिजाच म्हणाली होती, विचारसुद्धा न करता. पाव म्हटलं की मस्का सुचावा, इतक्या सहज. तेव्हा किती मजा वाटली होती. एखाद्या बारशाला आल्यासारखी. फक्त पाळण्यात मूल नव्हतं, साठीला टेकलेल्या बायका होत्या.

आणि आंटीनं तर तिला आधीच एकदा अडवलं होतं. पहिल्या भेटीत 'अल्पसंख्याक' या शब्दावर बोट ठेवून विचारलं होतं, "हे कोण?" क्षितिजानं समजावल्यावर ती म्हणाली होती, "आम्ही? गिरीजमध्ये? तू रविवारी चर्चमध्ये मिस्साला ये, मग सांग कोण अल्प ते." क्षितिजानं ते वाक्य सरांना कौतुकानं सांगितलं होतं, सरही हसले होते. मग ते वाक्य प्रकरणात घातलं होतं. मारियाच्या तोंडी.

घरी न जाता ती विरारला आईकडे गेली. का, ते तिलाही नीट सांगता आलं नसतं. पण स्कूटर चालवताना मनात एक जुनी हाक वाजत होती, आणि ती हाक आईची होती. म्हणजे आईनं मारलेली नव्हे, आईला मारलेली. क्षितिजा तेव्हा तिसरीत की चौथीत. जुन्नरकडचा नथूमामा तांदळाचं पोतं खांद्यावर घेऊन त्यांच्या विरारच्या चाळवजा इमारतीचा जिना चढून आला आणि दारातूनच ओरडला, "बायजे! ए बायजे!" क्षितिजाला वाटलं, हा माणूस चुकून आपल्या दारात आला. आणि मग तिची आई, सरोजिनी, जी कधी मोठ्यानं बोलायची नाही, जी पदर सावरून अगदी मोजकं पाऊल टाकायची, ती स्वयंपाकघरातून धावत बाहेर आली. धावत! तिचं ते धावणं क्षितिजानं कधी पाहिलं नव्हतं. ओले हात तसेच मामाच्या गळ्यात. मामा होता तेवढे दिवस आई एक गुडघा वर घेऊन जमिनीवर बसायची, कांदा हातानं फोडायची, 'व्हय' म्हणायची. बाबा थोडे अवघडल्यासारखे पेपरमागे बसून असायचे. मामा गेला आणि दुसऱ्या दिवशी आई परत सरोजिनी झाली, बाबांच्या शर्टांना इस्त्री करायला लागली. तिचं माहेरचं नाव बायजा होतं आणि लग्नात ते बदललं, हे कुणीतरी नंतर सांगितलं. पण लहानग्या क्षितिजाला तेव्हा मनापासून वाटलं होतं की घरात आणखी एक बाई राहते, ती मामा आला की बाहेर येते, आणि एरवी कुठं असते कोण जाणे. अंथरुणात पडल्या पडल्या ती त्या बाईचा विचार करायची. तिला एकटं वाटत असेल का. तिला भूक लागत असेल का.

म्हणूनच स्वतःच्या लग्नात भटजींनी ताटातल्या तांदळावर अंगठी धरून विचारलं, "नवरीचं नाव काय ठेवायचं?", तेव्हा क्षितिजा सिद्धेशच्या आधी बोलली होती. "आहे तेच." सिद्धेशनं हसत तांदळात क्षितिजाच लिहिलं होतं. तिनं मान वळवून आईकडे पाहिलं होतं, तिथं काहीतरी सापडेल म्हणून. आई मात्र आहेराच्या पिशव्या सांभाळण्यात गुंतली होती.

"आई, तुला बायजा म्हणणं आवडायचं का गं?" तिनं दारातच विचारलं.

आई मेथी निवडत होती. तिनं चष्म्यावरून लेकीकडे पाहिलं. "हे काय मध्येच? बस आधी. पाणी पी."

क्षितिजा पाणी प्यायली आणि तिनं सगळं सांगितलं. जुलियाना आंटी, मारिया, 'इथंपण नाय'. आई ऐकत राहिली, काड्या वेगळ्या करत राहिली. क्षितिजाच्या मनात उत्तर तयारच होतं. आई आता हळवी होईल, माझं नाव हिरावलं म्हणेल, आपण तिचा हात हातात घेऊ. ते सगळं तिला डोळ्यांपुढं दिसतसुद्धा होतं.

"मला सरोजिनी आवडलं होतं," आई म्हणाली.

"काय?"

"तुला काय वाटलं, रडले मी? बायजा म्हटलं की मला गोठा आठवायचा, आणि थंडीत पहाटे शेण काढायला उठवायचे ते. सरोजिनी म्हणजे कसं, शहरातलं, शिकलेल्या बाईचं वाटायचं. मी आरशासमोर म्हणून बघायची. सरोजिनी, सरोजिनी." आई स्वतःशीच लाजली. "नथूदादा बायजे म्हणायचा तर ते त्याच्यापुरतं बरं वाटायचं. रोज कुणी म्हटलं असतं तर नसतं आवडलं."

क्षितिजाला हसू आलं आणि थोडं फसवल्यासारखंही वाटलं. इतकी वर्षं ती ज्या बाईची काळजी करत होती, ती बाई मजेत आरशासमोर उभी होती. "म्हणजे तुझं काहीच गेलं नाही?"

आईनं मेथीची जुडी बाजूला ठेवली. "असं नाही म्हणत मी. मला कुणी विचारलं नव्हतं, ते मात्र खरं. मला आवडलं हा माझा योग. नसतं आवडलं तरी तेच असतं." मग एकदम रोजच्या आवाजात, "तू त्या बाईला विचारलंस का, तिला काय हवं ते? मला काय विचारतेस?"

शांताराम सरांनी ऐकून घेतलं. सर हळू बोलणारे, बोलायच्या आधी चष्मा पुसणारे. संमती असेल तर खरं नाव घेता येतं, ते म्हणाले, विद्यापीठाच्या समितीची त्याला ना नाही, मलाही नाही. "पण एक लक्षात घ्या, क्षितिजाबाई. नाव एकटं येत नाही. जुलियाना आली की तिचा नवरा येतो, सासू येते, शेजार येतो. ती जे जे बोलली ते सगळं तिच्या नावावर चढतं. तो बहरीनचा परिच्छेद..." सरांनी चष्मा डोळ्यांवर चढवला. "तुमच्या प्रकरणाचा प्राण आहे तो. पण तो आता कोण वाचणार आहे, याचा विचार करा. त्यांना एकेक शब्द वाचून दाखवा आणि मग विचारा."

बहरीनचा परिच्छेद. तो क्षितिजाला पाठ होता. रेकॉर्डिंग ऐकून उतरवताना तिला रडू आलं होतं, आणि रडता रडताच, हे कुणापाशी कबूल करायला नको, तिला आनंदही झाला होता, की हे आपल्याला मिळालं. रुडॉल्फ अंकल, म्हणजे आंटीचे यजमान, बहरीनला फिटर होते. कंपनी बंद पडली आणि ते परत आले. आले ते वाडीकडे तोंड करून खुर्चीत बसले. महिनोन् महिने. बोलणं नाही, दाढी नाही. गावातला माणूस भेटला की विचारायचा, 'परत कधी जायचं?', म्हणून त्यांनी मिस्सालाही जाणं सोडलं. घरापुरती सुकेळी करायची रीत सासूची होती. आंटीनं ती वाढवली, विकायला काढली, दादरच्या दुकानांपर्यंत नेली. छापखान्यात चिठ्ठी करायला गेली तेव्हा माणसानं विचारलं, नाव काय टाकू? आणि आंटी म्हणाली होती, ते शब्द क्षितिजानं जसेच्या तसे घेतले होते: 'मी त्याचं नाव टाकलं. मग गिऱ्हाईक वाडीत यायचं नि विचारायचं, रुडॉल्फ कोण? त्याला उठायलाच लागायचं ना बाय. कुणी हाक मारली तर माणूस किती वेळ बसून राहील?'

या एका वाक्यापुढे क्षितिजाचे तक्ते कसे निर्जीव दिसत होते. घराच्या पुरुषाच्या नावानं चालणारे स्त्रियांचे व्यवसाय, असा एक रकाना तिच्याकडे होता. तो रकाना 'वंचना' या मथळ्याखाली होता. आंटीला तिनं त्यातच टाकलं होतं, आणि ते चूक नव्हतं, तरी ते बरोबरही नव्हतं. आंटीनं नाव गमावलं नव्हतं, दिलं होतं. आणि दिलेली वस्तू कधीतरी आपल्यालाही थोडी हवीशी वाटते, यात काय नवल?

ती परत गिरीजला गेली तेव्हा रुडॉल्फ अंकल घरीच होते. चित्रातली मिशी आता पांढरी झाली होती. ते मांडवाच्या पलीकडे केळीचे घड उतरवत होते, आणि क्षितिजाला पाहून त्यांनी कोयता उंचावून ओळख दिली. तिला वाटलं, आज नको होते हे इथं.

"आंटी, तुमचं खरं नाव घालता येईल," ती म्हणाली. "मी विचारून आले. पण आधी मी सगळं वाचते. जे नको वाटेल ते काढू."

आंटीनं पदराला हात पुसले आणि चर्चमध्ये बसावं तशी सरळ बसली. क्षितिजा वाचू लागली. जिथं जिथं मारिया लिहिलं होतं तिथं ती जुलियाना वाचत होती. पहिल्या वेळी आंटीनं पापण्या मिटल्या. नंतर ती एकेका वाक्याला बारीक मान हलवू लागली, जणू कुणा लांबच्या नातेवाइकाची खुशाली ऐकत होती. सासूचा भाग आला तेव्हा म्हणाली, "हे राहू दे, गावाला ठावं आहे." दादरच्या दुकानदाराचं आलं तेव्हा खुदकन हसली. आणि मग पुढचं पान आलं आणि क्षितिजा थांबली. मांडवापलीकडे कोयता चालत होता. थप्प. थांबत. थप्प.

"पुढं बहरीनचं आहे," ती आवाज उतरवून म्हणाली.

आंटीच्या चेहऱ्यावरून काहीतरी सरकलं. तिनं वाडीकडे पाहिलं. "तेव्हा मी बोलून गेले," ती तितक्याच हळू म्हणाली. "तू मारिया करणार होती तेव्हा ते चालत होतं. आता माझं नाव टाकायचं तर ते काढ. त्याचं तोंड खाली नको. माझ्या नावापायी तर नकोच."

"काढते." क्षितिजा म्हणाली. ती हे इतक्या पटकन म्हणाली की तिचं तिलाच आश्चर्य वाटलं. तिनं तो परिच्छेद निळा केला. प्रकरणाचा प्राण, सर म्हणाले होते. बोट डिलीटच्या कळीवर ठेवताना तिला दुखलं, खरोखर दुखलं, पण त्या दुखण्यात कुठंतरी स्वच्छ वाटत होतं. समोरच्या बाईचे खरबरीत, केळीच्या चिकानं काळे पडलेले हात तिला एकदम इतके आवडले की त्यांच्यासाठी आपण आणखीही काही काढून टाकू, असं वाटलं.

"काय काढतेस?"

रुडॉल्फ अंकल पडवीच्या पायरीशी उभे होते. कोयत्याचा आवाज कधी थांबला ते दोघींनाही कळलं नव्हतं.

"काय नाय," आंटी म्हणाली. "तू घड आण."

"घड येतील. ती बहरीनचं म्हणाली, मी ऐकलं." ते पायरीवर बसले, दोघींकडे पाठ करून, तोंड वाडीकडे. क्षितिजाला वाटलं, त्या दिवसांत ते असेच बसत असतील. मग ते बोलले, वाडीशीच बोलावं तसे. "मी आल्यावर बसून होतो, ते लिहिलं आहेस?"

क्षितिजानं आंटीकडे पाहिलं. आंटी जमिनीकडे बघत होती. "लिहिलं होतं, अंकल. पण आंटी नको म्हणतात."

"ती म्हणणारच." त्यांनी कोयता पायरीवर आडवा ठेवला. "ते काढलं तर मग काय उरलं? एका बाईनं केळी सुकवली नि विकली. ते तर कोण पण करेल. मी बसून होतो नि तिनं मला उठवलं, ते लिहिलंस तरच तिचं काम कळेल ना लोकांना."

"रुडॉल्फ!" आंटी म्हणाली.

"काय रुडॉल्फ? चिठ्ठीवर माझं तोंड छापलं तेव्हा मला विचारलं होतं काय तू? आता मी सांगतो. ते राहू दे." मग क्षितिजाकडे वळून, मिशीतून हसू दाबत, "नि माझं नाव पण खरं टाक, बाय. खोटं टाकलं तर लोकं म्हणतील दुसराच कोणतरी आळशी होता."

आंटी ताडकन उठली. ती त्यांच्यावर ओरडू लागली, पण क्षितिजाशी बोलायच्या मराठीत नव्हे, त्यांच्या घरच्या बोलीत, भरभर, शब्दावर शब्द चढवत. अंकलनीही त्याच बोलीत उत्तर दिलं, सावकाश. क्षितिजाला मधूनच एखादा शब्द ओळखीचा वाटायचा आणि निसटायचा. सवयीनं तिचा हात फोनकडे गेला. रेकॉर्डिंग सुरूच होतं. हे किती मोलाचं आहे, एक मन म्हणत होतं, हे घरी नेऊन कुणाकडून तरी समजून घेता येईल. तिनं फोन बंद केला आणि उलटा ठेवला. समोर आंटीचा आवाज चिरकत होता, भांडत होता, आणि मग अचानक तो भांडण राहिला नाही. ती काहीतरी म्हणाली, अगदी छोटं, दोन-तीन शब्दांचं. अंकलनी तिच्या साडीला चिकटलेलं केळीचं सुकं पान काढलं आणि अंगणात टाकलं.

क्षितिजानं मान वळवली आणि मांडवाकडे पाहत राहिली. उन्हात केळी आकसत, तांबूस होत पडली होती. तिला काहीही कळलं नव्हतं, आणि काही राहून गेलं असंही वाटत नव्हतं.

थोड्या वेळानं आंटी नाक पुसत तिच्यासमोर येऊन बसली. चेहरा अजून रागावलेला होता, निदान तसा ठेवायचा तिचा प्रयत्न चालला होता. अंकल घड आणायला परत वाडीत शिरले होते.

"राहू दे तो म्हणतो ते," ती म्हणाली. "लिही."

"नाव पूर्ण कसं लिहू, आंटी? नुसतं जुलियाना? का जुलियाना तुस्कानो?"

आंटीनं विचार केला. एवढा विचार तिनं कधी कुठल्या प्रश्नावर केला नव्हता. ओठ हलले, काही जुळवून पाहिलं, खोडलं, पुन्हा जुळवलं. केळीच्या रांगांमध्ये अंकलची पाठ दिसत होती, कधी पानांआड जात होती.

"जुलियाना रुडॉल्फ तुस्कानो," ती म्हणाली. आणि क्षितिजाची बोटं थबकलेली पाहून पुढं म्हणाली, "मध्ये राहू दे त्याला. बाहेर एकटा पडेल तो."